सगुणाच्या बरगड्या

स्वयंपाक ही बायकांनी उगाच अवघड करून ठेवलेली गोष्ट आहे, असं माझं पहिल्यापासून ठाम मत होतं. अहो, असतं काय त्यात? मी डिचोलीच्या एका खाण कंपनीच्या काट्यावर बावीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. काटा म्हणजे खनिजाचे ट्रक तोलायचा. ट्रक नुसता फाटकातून आत वळला की टायर बघून मी वजन सांगायचो! असल्या माणसाला दोन किलो मटण शिजवता येणार नाही?

हेच वाक्य मी दोन वर्षांपूर्वी एका रविवारी बोललो होतो, आणि त्यात माझ्या सासऱ्यांचा शेवटचा दात गेला.

आमचे सासरे पांडुरंग, राहणार पेडणे. उंचेपुरे, शेतीवाडीचे, खाण्याचे भारी दर्दी. दात एकच शिल्लक होता, पण त्या एका दातावर त्यांनी सुकटापासून सुपारीपर्यंत सगळं निभावून नेलं होतं. मी केलेल्या मटणाचा तिसरा घास त्यांनी तोंडात टाकला आणि 'टक्' असा आवाज झाला. आम्हाला वाटलं, हाड मोडलं. सासऱ्यांनी तळहातावर दात काढून ठेवला, त्याच्याकडे बराच वेळ बघितलं, रुमालात बांधला आणि उठले.

"परत तुझ्या घराची पायरी चढलंय, तर नावाचो पांडुरंग नाय!" दारातून एवढंच म्हणाले आणि मिळेल त्या बसने पेडण्याला गेले.

बरं, गेले ते गेले. पण गेल्या वर्षी सासूबाई वारल्या आणि ते घरात एकटेच उरले. दोन वेळा पेज आणि लोणच्याचा खार! नवे दात बसवून घ्या म्हटलं, तर म्हणत, "मेलेल्या माणसांचे दात काढून कवळी करतत, माका ठावक असा!" आमची सुशीला एक रविवार सोडून त्यांना भेटायला जायची आणि डोळे पुसत परत यायची. "बाबांचं घड्याळ हो," एकदा ती म्हणाली, "मनगटातलं पार कोपरापर्यंत सरकतं." सुशीला आरोग्य केंद्रात नर्स आहे. माणसं बारीक झालेली तिला रोज दिसतात. पण हे सांगताना तिने चेहरा वळवून जनेलातून बाहेर बघितलं. त्या दाताबद्दल तिने मला एकदाही बोल लावला नाही, आणि तेच मला जास्त लागत होतं.

अशा वेळी माझा मेव्हणा बाबली देवासारखा धावून आला! म्हणजे फोनवर.

बाबली जहाजावर स्वयंपाकी आहे. मागच्या सुट्टीत त्याने आम्हाला एक निळं, अंडाकृती, विजेवर चालणारं भांडं आणून दिलं होतं. त्याला म्हणे स्लो कुकर म्हणतात. आठ तासांत स्वयंपाक करणारं यंत्र! आठ तास लावायला यंत्र कशाला? आमच्या पंचायतीत तशी माणसं आहेत! सुशीलाने त्याच्यात लोकर आणि विणायच्या सुया ठेवल्या होत्या. पण खाणी पुन्हा बंद पडल्या, काट्यावर कावळे बसायला लागले आणि मी घरी बसलो. बसल्या बसल्या एक दिवस बाबलीला विचारलं, "अरे, ह्या भांड्यात तुम्ही करता तरी काय?"

"बार्बेक्यू रिब्स, भावोजी! बरगड्या! गोड, आंबट, तिखट. आमच्या जहाजावर सगळे म्हातारे गोरे. अर्ध्यांचे दात रात्री ग्लासात असतात! पण बरगड्या म्हटल्या की नुसते तुटून पडतात. हाड उचललं की मांस आपोआप गळून खाली!"

मी ताडकन उठून बसलो. दात नसलेले म्हातारे! मांस आपोआप गळून खाली!

"पण बाबली, डुकराच्या ना रे? आमच्या घरात डुक्कर शिजलं तर सुशीला मला शिजवील!"

"मग बोकडाच्या घ्या. फक्त एक लक्षात ठेवा, भावोजी. झाकण उघडायचं नाही! एकदा उघडलं की आतली वाफ जाते आणि अर्धा तास वाया. आठ तास म्हणजे आठ तास. भूकंप झाला तरी झाकण उघडायचं नाही!"

मी लगेच पेडण्याला फोन लावला. "बाबा, मी सगुण बोलतोय. येत्या बुधवारी संध्याकाळी पाच वाजता या. शेवटचं एकदा माझ्या हातचं खाऊन बघा!"

 पलीकडून नुसतं, "हूं," आणि फोन बंद.

आता ह्या 'हूं'चा अर्थ होकार की नकार, हे फक्त सासूबाईंना कळायचं. मी होकार धरला. सुशीलाला मात्र काही सांगितलं नाही. आले तर तिला आनंदाचा धक्का, आणि नाही आले तर मला एकट्यालाच.

बुधवार म्हणजे डिचोलीच्या बाजाराचा दिवस. सकाळी सुशीला लसीकरणासाठी कारापूरला निघून गेली आणि मी मटणवाल्यासमोर उभा राहिलो.

"दोन्ही बाजूच्या बरगड्या द्या. तुकडे करायचे नाहीत. अख्ख्या!"

"अख्ख्या?" त्याने सुरा खाली ठेवला. "खाऊक होयेत, का वाजवूक?"

मी लक्ष दिलं नाही. मोठ्या कामाला निघालेल्या माणसाने असल्या बोलण्याकडे लक्ष देऊ नये.

घरी येऊन मी कामाला लागलो. बरगड्यांना आतून एक चिवट पापुद्रा असतो, तो बाबलीने सोलून काढायला सांगितला होता. बोटांनी निघेना. शेवटी हत्यारांच्या पेटीतली पक्कड आणली आणि एक पाय ओट्याला लावून ओढला! मग मीठ-मिरची चोळली. मग सॉस. माडाचा काळा गूळ, टोमॅटो, लसूण, विनागर आणि भिजवलेल्या सुक्या मिरच्या, सगळं मिक्सरमध्ये घातलं आणि बटण दाबलं. झाकण लावायचं राहिलं होतं. भिंतीवर, छपरावर, कॅलेंडरवरच्या गणपतीवर आणि मुख्य म्हणजे माझ्या पांढऱ्या बनियनवर लालभडक शिंतोडे! पण भांड्यात पुरेसं उरलं. ते बरगड्यांवर ओतलं, काचेचं झाकण लावलं आणि बरोबर नऊ वाजता बटण चालू केलं.

एवढं झाल्यावर बाबलीला सांगायला नको? आमच्या घरात फोनची रेंज एकाच ठिकाणी येते. मागल्या दारी, गंगामावशीच्या कुंपणाला चिकटून. तीही कशीबशी, त्यामुळे ओरडून बोलावं लागतं. बाबलीचं जहाज कुठल्याशा बंदरात उभं होतं. मी एक बोट कानात घालून ओरडलो,

"झाल्या रे बरगड्या वेगळ्या! हो हो, दोन्ही बाजूच्या!... सोलल्या ना! पक्कड लावून ओढलं, सर्रकन निघालं सगळं!... मीठ-मिरची चोळलीय. नुसती आग आग होतेय रे!... अजिबात हलवायचं नाही? बरं. पाच वाजेपर्यंत हाड आपोआप सुटेल म्हणतोस?... छे छे, सुशीलाला कशाला सांगू? ती येईपर्यंत सगळं आटोपलेलं असेल!... तुझ्या बाबांना कळवलंय. म्हटलं, शेवटचं एकदा येऊन जा!"

कुंपणापलीकडे कळशी पडल्याचा मोठा आवाज झाला. मांजर असेल म्हणून मी घरात आलो.

मांजर नव्हतं. गंगामावशी होती.

गंगामावशी म्हणजे आमच्या वाड्यावरचं वर्तमानपत्र, आणि ते दिवसातून चार वेळा निघतं! तिने ऐकलं ते असं : सगुणाच्या दोन्ही बाजूच्या बरगड्या मोडल्या, कोणीतरी पक्कड लावून त्याची साल काढली, वर मीठ-मिरची चोळली, पाच वाजता सगळं आटोपणार, आणि सासऱ्याला शेवटचं भेटायला बोलावलंय. खाणी बंद, नोकरी नाही, माणूस खचलेला. तिने दोन आणि दोन मिळवले आणि त्यांचे बावीस करून बाजाराच्या दिशेने धावत सुटली.

इकडे मी निवांत बाकावर आडवा झालो होतो. घाम आला म्हणून डोळे पुसले. मिरचीच्या हातांनी! आई गं! दोन्ही डोळ्यांत जणू कोणी पेटती काडी टाकली. मी बाकावर कळवळतोय, डोळ्यांतून धारा, बनियनवर लाल शिंतोडे, आणि नेमका त्याच वेळी शांताराम आत शिरला.

शांताराम मूळचा सावंतवाडीकडचा. खनिज वाहणारा टिपर चालवायचा. वीस वर्षं मी त्याचा ट्रक तोलला. माणूस सोन्यासारखा, फक्त ऐकून घ्यायची सवय नाही. टिपरच्या आवाजात सगळी हयात गेलेली.

"सगुणभाऊ! उठू नकोस! खंय दुखता?"

"डोळे रे, डोळे!"

"डोळे पण?" शांतारामने दाराकडे बघून हाक मारली, "गे मावशी, डोळे पण गेले!"

मागोमाग गंगामावशी आली. तिच्या मागे तिने बाजारातून गोळा केलेली दहा-बारा माणसं. एकाच्या हातात शहाळं, एकीच्या हातात हळदीचं दूध, तर एकजण भाजीची पिशवीच घेऊन आलेला. कोणीतरी माझ्या तोंडावर पाणी मारलं. कोणीतरी पाय चेपायला घेतले. डोळे उघडले तसा मी ओरडलो, "अहो, मला काही झालेलं नाही!"

"असाच म्हणतत सगळे," गंगामावशी म्हणाली. "माझे घोव पण असाच म्हणाले, आणि दुपारी गेले."

"पण बरगड्या माझ्या नाहीत!"

पाय चेपणारे हात थांबले.

"मगे कोणाच्यो?" शांतारामने हळूच विचारलं.

"बोकडाच्या!"

गंगामावशीने तोंडावर पदर धरला. शांताराम माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाला, "डोक्याक पण मार लागलोसा."

"अरे बाबांनो, शिजवतोय मी त्या! ते बघा, त्या निळ्या भांड्यात!"

सगळ्यांच्या माना भांड्याकडे वळल्या. भांडं शांत. ना आवाज, ना वास! नुकताच अर्धा-पाऊण तास झालेला. काचेच्या झाकणावर आतून वाफ धरलेली, त्यामुळे आत काय आहे, काही दिसेना. शांताराम पुढे झाला, "बघूया तर, उघडून दाखव."

आता खरं सांगतो, तो प्रसंग तिथेच मिटला असता. मी झाकण उचललं असतं, सगळ्यांनी बोकड बघितला असता, हसले असते आणि शहाळं पिऊन गेले असते. पण माझ्या कानात बाबलीचे शब्द घुमले. अर्धा तास वाया! आणि डोळ्यांसमोर आले सासरे, रुमालात दात बांधून पायरी उतरणारे.

मी बाकावरून उडी मारून भांड्याला मिठी मारली. "खबरदार! पाच वाजेपर्यंत कोणी झाकण उघडायचं नाही! भूकंप झाला तरी नाही!"

मिठी मारली आणि लक्षात आलं की भांडं तापलंय. "आईऽऽ!" म्हणून मी छाती धरून खाली बसलो.

झालं! मग कोणाला शंका राहणार?

"गाडी आणा!" शांताराम गरजला. ॲम्ब्युलन्स मागवली असती तर वेळ लागला असता, आणि शांतारामचा टिपर बाहेरच उभा होता. खाणी बंद झाल्यापासून त्या टिपरला काम नव्हतं, आणि खरं सांगायचं तर शांतारामलाही नव्हतं. दोघांनाही आज काम मिळालं होतं! आमच्या पलंगावरची गादी उचलून टिपरच्या हौद्यात टाकली, चौघांनी माझे हातपाय धरले, आणि जिथे वीस वर्षं खनिज पडत होतं तिथे मी पडलो.

टिपर सुरू झाला तेव्हा एकच गोष्ट करता येण्यासारखी होती. मी फळीवरून मान वर काढून ओरडलो, "मावशी! पाच वाजेपर्यंत झाकण उघडू देऊ नकोस! माझी शपथ आहे!"

"नाय देवचंय, बाबा!" गंगामावशी हुंदका देत म्हणाली. "तुझी शेवटची इच्छा असा ती!"

आरोग्य केंद्रात सुशीला असती तर दोन मिनिटांत सुटलो असतो. ती कारापूरला मुलांना सुया टोचत होती आणि फोन पर्समध्ये. डॉक्टरीण नवी होती, मडगावकडची, पंचवीस-सव्वीसची, फार मन लावून काम करणारी. अशा माणसांची मला फार भीती वाटते.

"काका, काय झालं, ते सावकाश सांगा."

"बरगड्या शिजतायत."

तिने लिहून घेतलं. "कधीपासून?"

"नऊ वाजल्यापासून."

"आग होते का?"

"मंद आचेवर आहेत."

तिने शांतारामकडे बघितलं. शांतारामने स्वतःच्या डोक्याकडे बोट करून मान हलवली. मग तिने माझ्या कुशीला हात लावून दाबलं. आता मी लहानपणापासून गुदगुल्यांना हळवा. कुशीला वारा लागला तरी मी हसतो. मी किंचाळलो, वळवळलो, अर्धा टेबलाखाली गेलो!

"हीच जागा," डॉक्टरीण म्हणाली. "दोन माणसं धरा."

दुसरी बाजू दाबली तेव्हा मी इतका हसलो की मला उचकी लागली. बनियनवरच्या डागाला तिने बोट लावून बघितलं, नाकाशी नेलं, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. मला वाटलं, सुटलो!

"रक्ताला लसणाचा वास येतोय," ती स्वतःशीच म्हणाली. "काका, तुम्ही कुठलं गावठी औषध लावलंय का?"

एक्स-रे काढला. त्यात काही नव्हतं. तशी ती जास्तच काळजीत पडली. हाडं ठीक आहेत आणि माणूस तर असं बोलतोय, म्हणजे मार डोक्यालाच! "चार तास देखरेखीखाली राहायचं. झोपायचं नाही, उठायचं नाही." शांताराम खुर्ची घेऊन माझ्या उशाशी बसला आणि मी डोळे मिटले की गालावर चापट मारू लागला. मी जगावं म्हणून तो जितक्या प्रेमाने मारत होता, तितक्या प्रेमाने मला आजवर कोणी मारलेलं नाही.

चारला सुशीला आली. दारात तिला कोणीतरी सांगितलं, "सिस्टर, तुमच्या मिस्टरांना टिपरमधून आणलंय." ती धावत आली ती पांढरीफटक होऊन. माझ्याकडे बघितलं. बनियनकडे बघितलं. वाकून वास घेतला.

"गूळ आणि विनागर," ती म्हणाली. "अहो, तुम्ही पुन्हा मटण केलंत?"

एवढं शहाणं वाक्य मी दिवसभरात पहिल्यांदा ऐकलं! मला रडूच आलं. मी तिला सगळं सांगितलं. भांडं, बाबली, फोन, सगळं. तिचे ओठ आवळले गेले होते. पण 'बाबांना बोलावलंय' म्हटल्यावर तिचा चेहरा एकदम बदलला.

"बाबांना? ते येतो म्हणाले?"

"'हूं' म्हणाले."

 डॉक्टरीणबाईंना समजावून, कागदावर सही करून तिने मला बाहेर काढलं. शांतारामला दुसरी गाडी सुचेना, म्हणून पुन्हा टिपर! पुढे केबिनमध्ये त्याच्या दोन दोस्तांनी आधीच ठाण मांडलं होतं. बाजारातून येताना आम्ही दोघं नवराबायको हौद्यात गादीवर बसलेलो. लग्नाची वरातसुद्धा आमची इतक्या लोकांनी बघितली नव्हती!

घर दिसलं तसा मी हौद्यात उठून उभा राहिलो. दारात चपलांचा हा ढीग! बाहेरच्या ओट्यावर माणसं खाली मान घालून बसलेली. पायरीशी पेडण्याकडची एक नारळाची पिकअप उभी.

"बाबा!" सुशीला हौद्यातून उतरली कशी, मला कळलंच नाही.

झालं होतं असं. गंगामावशीने आमच्या घरातल्या डायरीतून नंबर शोधून सकाळीच पेडण्याला कळवलं होतं, "जावयबापूंचा काय खरा नाय. शेवटचा तोंड बघूचा तर लगेच येवा." सासरे तसेच उठले. पायरी चढणार नाही म्हणाले होते, ते सगळं विसरले. जेवणसुद्धा टाकून, शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये नारळांवर बसून, खिशात गंगाजळाची बाटली घेऊन आले. आले तेव्हा मी तर केंद्रात, आणि तिथून निरोप काहीच नाही, म्हणून सगळ्यांनी मला गेलेलाच धरलं. मग ते बाकावर डोकं धरून बसून राहिले.

आणि गंगामावशी? ती शपथेला जागली हो! हातात केरसुणी घेऊन दिवसभर भांड्यापाशी पहारा! मधे वीज गेली तेव्हा तिने भांडं माझ्या नव्या दुलईत गुंडाळून ठेवलं. पाचचे ठोके पडले, तसं तिने सगळ्यांसमोर झाकण उघडलं. माडाचा गूळ, मिरची, विनागर, लसूण! असा वास सुटला म्हणतात की ओट्यावर रडणारी माणसं रडायची थांबली. मावशी म्हणाली, "सगुणान सासऱ्यासाठी केल्यान. त्याची शेवटची इच्छा. पांडुरंगानू, दोन घास तरी खावा. त्याच्या आत्म्याक शांती गावतली."

आम्ही आत शिरलो तेव्हा सासरे मेजापाशी बसलेले. पुढ्यात केळीचं पान. पानात पांढऱ्या स्वच्छ हाडांचा डोंगर. एका हातात पोदेराकडचा उंडा पाव, दुसऱ्या हातात बरगडी. हनुवटीवरून लाल रस गळतोय आणि डोळ्यांतून पाणी. मावशी डावासारख्या मोठ्या कुलेराने वाढतेय. बरगडी तोंडात गेली, नुसते ओठ मिटले, आणि हाड कोरडं बाहेर! दात नाही, कवळी नाही, काही नाही!

त्यांनी मान वर केली आणि मला बघितलं. हातातलं हाड पानात पडलं.

"सगुण! तू जिवंत?"

"होय, बाबा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग पानाकडे बघितलं. मग परत माझ्याकडे. मोठ्या संकोचाने म्हणाले, "मगे... ह्या आता खाऊचा, काय ठेवूचा?"

"खा हो, बाबा! खा!"

त्यांनी लगेच हाड उचललं. सुशीला त्यांच्या शेजारी बसली. पदराने त्यांची हनुवटी पुसली, उंडा मोडून रसात बुडवून हातात दिला. ते खात होते आणि ती बघत होती. ओट्यावरून कोणीतरी काहीतरी विचारलं, तर तिने मान वळवली नाही. शेवटची बरगडी संपली तेव्हा सासरे पानाकडे बघत म्हणाले, "तुझ्या आवशीक होयी होती गो ही चव."

"होय बाबा," सुशीला म्हणाली.

मग त्यांनी हात धुतले, ढेकर दिला आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता मिठी मारणार. त्यांनी माझ्या कुशीत एक बोट खुपसलं. मी किंचाळलो.

"मोडूक नाय," ते समाधानाने म्हणाले आणि पिकअपवाल्याला सांगून टाकलं, "तू जा. मी आता हयच रवतंय."

मी भांड्याकडे धावलो. भांडं रिकामं! रससुद्धा उंड्याने पुसून घेतलेला. "मावशी, एक तरी ठेवायचीस!"

"रे, तुझी शेवटची इच्छा ती," मावशी म्हणाली. "एकट्या पांडुरंगान खावची? तीर्थप्रसादासारखो एकेक तुकडो सगळ्यांक वाटलो. शांतारामाच्या दोस्तांसाठी पण पानात बांधून ठेवलंय." शांतारामचे ते दोघं दोस्त ओट्यावर बसून बोटं चाटत होते. त्यांनी मला 'बरे व्हा' असा हात केला.

सासरे आले, त्याला आता तीन महिने झाले. दर बुधवारी बरगड्या होतात. त्यांचं घड्याळ आता मनगटाच्या वर सरकत नाही. पण बाजारात अजून कोणी ना कोणी अडवून विचारतं, "सगुणभाऊ, बरगडी कशी आहे?" पहिले आठ दिवस मी प्रत्येकाला खरं सांगायचो. बोकड, बाबली, पक्कड, सगळं! लोक ऐकून घ्यायचे, एकमेकांकडे बघायचे आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणायचे, "डोक्याचा मार हळूहळूच बरा होतो." म्हणून हल्ली मी सांगायचं सोडून दिलं. कोणी विचारलं की कुशीवर हात ठेवतो, जरासा वाकतो आणि म्हणतो, "आता बरी आहे."

परवा म्हापशाला जाताना बसमध्ये उभं राहायला जागा नव्हती. एका भल्या बाईने मला ओळखलं आणि उठून आपली जागा दिली. नाही कशी म्हणणार? तिच्या मनाला बरं वाटावं म्हणून बसलो.

सुशीला म्हापशापर्यंत उभी होती.